खाऱ्या वाऱ्यावर काइटसर्फिंग: नाशिकच्या मैदानापासून पालघरच्या पाण्यापर्यंत

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायात फळी घालून पाण्यावरून सरकणं. त्याचे व्हिडिओ बघून ज्यांना हा खेळ करावासा वाटतो, त्यातले बहुतेक जण जोरदार वाऱ्याची वाट बघत बसतात. नाशिकहून सगळ्यात सोयीचा किनारा पालघर जिल्ह्याचा: केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डी. तिथे खरा जोराचा वारा येतो तो पावसाळ्यात, आणि त्या समुद्रात आपण उतरायचं नसतं. मग उरतो फेब्रुवारी ते मे या काळातला दुपारचा खारा वारा. ताकद साधारण ८ ते १४ नॉट, म्हणजे ताशी १५ ते २६ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात हा खेळ नीट खेळता येतो. मात्र त्यासाठी हात तयार लागतो, दिवस निवडता यावा लागतो आणि थांबायचं कधी हे ठरलेलं लागतं. यातलं निम्म्याहून अधिक काम नाशिकमध्येच होतं.

आधी वारा समजून घ्या

उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हे शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. प्रत्यक्षात त्याचं वेळापत्रक महत्त्वाचं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं, आणि मग पश्चिमेकडून पहिली झुळूक येते. दोन ते पाच ही भरात आलेली वेळ. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहती हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, त्यामुळे दुपार चढेल तसा वारा पश्चिमेकडून वायव्येकडे सरकतो. हे आपल्या फायद्याचं आहे. पश्चिमेकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावर वायव्येचा वारा तिरका आत येतो, आणि शिकणाऱ्याला तिरका आत येणारा वाराच हवा. थेट आत येणारा वारा वाळूवर आपटतो, बाहेर जाणारा वारा समुद्रात नेतो.

म्हणून एक नियम पक्का ठेवा: सकाळच्या मतलई वाऱ्यात पतंग उभारायचाच नाही. पाणी आरशासारखं दिसतं, वारा सुखाचा वाटतो, आणि तो तुम्हाला गुजरातच्या किनाऱ्याकडे नाही तर थेट खोल पाण्याकडे नेतो.

डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचा वारा दुपारपर्यंत रेंगाळतो, खारा वारा उशिरा आणि अशक्त येतो. मार्चनंतर जमीन लवकर तापते, तेव्हा तो भरवशाचा होतो. सकाळी ढग दाटून असतील तर दुपारची आशा कमी करा. मोबाइलवरच्या वाऱ्याच्या अंदाजावर पूर्ण विसंबू नका, कारण त्यातल्या ठोकळ गणितात किनाऱ्याची चिंचोळी पट्टी जमीन आणि पाणी दोन्हींत मिसळून जाते आणि खारा वारा बहुतेकदा कमी दाखवला जातो. किनाऱ्यावर पोचल्यावर पाणी बघा. तुरळक पांढरे फेस दिसू लागले तर ८-१० नॉट, सगळीकडे फेस दिसू लागला तर १२च्या पुढे. हातातला छोटा वारामापक घेतलात तर डोळ्यांचा अंदाज महिन्याभरात पक्का होतो.

आणि एक हिशोब कायम लक्षात असू द्या. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ८ नॉटचा वारा १२ झाला तर वेग दीडपट, ओढ सव्वादोनपट. हलक्या वाऱ्यात दोन-तीन नॉटचा फरक म्हणजे वाळूत बसून राहणं आणि फळीवर उभं राहणं यातला फरक.

तिथी बघून निघा

नाशिकहून जाणारे शनिवार-रविवार बघतात. मी सांगेन, आधी तिथी बघा. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशोब तोच. ठिकाणानुसार वेळ पुढे-मागे होते, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघायचंच. पण घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभं राहून महिन्याचे दिवस निवडायला ही रीत उत्तम.

आता हा हिशोब वाऱ्याच्या वेळेला जोडा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर संपते, म्हणजे वारा भरात असताना पाणी ओसरत असतं, तेही उधाणाचं, सगळ्यात जोरात. बोर्डी-डहाणूचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी समुद्रात खूप लांब जातं आणि मागे चिखल, खडक, कालवांच्या धारदार कपऱ्या उघड्या पडतात. उलट पंचमी ते अष्टमी या दिवसांत भरती पावणेचार ते सहाच्या दरम्यान पूर्ण होते. दुपारभर पाणी चढत असतं, भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस जवळ आल्याने प्रवाह सौम्य असतो, आणि काही बिघडलं तर पाणी तुम्हाला किनाऱ्याकडेच आणतं.

यात आणखी एक फायदा आहे. या किनाऱ्यावर भरतीचा प्रवाह उत्तरेकडे, खंबायतच्या आखाताच्या दिशेने वाहतो. वारा वायव्येचा. म्हणजे पाणी तुम्हाला काही अंशी वाऱ्याच्या अंगावर, वारा येतो त्या दिशेला, नेतं, पतंगाला थोडा का होईना जास्त वारा मिळतो आणि तुम्ही खाली वाहून जात नाही. ओहोटीत हेच उलटं होतं. दोन दिवस सारख्याच वाऱ्याचे असूनही एक दिवस जमतं आणि एक दिवस जमत नाही, त्याचं कारण पुष्कळदा इथे असतं.

नाशिकमध्ये करायचं काम

दोन दोऱ्यांचा, दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा पतंग घ्या. याला सगळे ट्रेनर म्हणतात. मग मैदान शोधा. शहरातली मैदानं नकोत: झाडं, विजेच्या तारा, फिरायला आलेली माणसं. देवळालीकडचा लष्करी परिसर आणि ओझर विमानतळाचा आसपासचा भाग पूर्ण वर्ज्य. रब्बीचं पीक निघाल्यावर मोकळी झालेली शेतं सगळ्यात चांगली, अर्थात मालकाला विचारून. मात्र वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, द्राक्षबाग आहे का ते आधी बघा. मांडवाच्या तारांत आणि लोखंडी अँगलमध्ये पतंग अडकला तर पतंगही जातो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच. उच्च दाबाच्या तारा जिथून दिसतात, तिथून दुसरीकडे जा.

त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, यांच्यावरून येणारा पश्चिमेचा वारा डोंगराच्या आडोशाला भोवऱ्यासारखा फिरतो. डोंगरापासून जितकं लांब आणि उघडं माळरान, तितका वारा एकसारखा. भर दुपारी नाशिकचा वारा झटके देतो. उन्हाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर तो एकसारखा होतो, तेव्हा सराव करा.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर उभं धरलेलं घड्याळ कल्पा. डोक्यावर बारा, उजव्या टोकाला तीन, डाव्या टोकाला नऊ. या कडांवर पतंगाला ओढ कमी असते. समोर, घड्याळाच्या मधोमध, ओढ सगळ्यात जास्त. पहिल्यांदा पतंग बारावर स्थिर ठेवायला शिका. मग दहा आणि दोनच्या दरम्यान सावकाश हलवा. मग समोरच्या भागातून आडवा आठ काढा. हे जमलं की पतंगाकडे न बघता करा, जमिनीवर दहा पावलं पुढचा दगड बघत. मग एका हाताने. मग चालत. समुद्रात तुमचे डोळे फळीवर आणि लाटेवर असणार आहेत. तिथे पतंग हाताला कळला पाहिजे.

आता येवल्याच्या पतंगबाजांसाठी खास. संक्रांतीचे तीन दिवस आसारीवर (मांजाच्या फिरकीवर) हात बसलेल्या माणसाला वाऱ्याची जाण उपजत असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. वारा पडायच्या आधी त्यांना कळतं. पण एक सवय मोडावी लागते. साधा पतंग खाली येऊ लागला की आपण दोरी खेचतो आणि तो वर चढतो. ट्रेनरवर बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, ओढल्याने फार बिघडत नाही, म्हणून ती सवय तशीच राहते. चार दोऱ्यांच्या मोठ्या पतंगावर मात्र बार अंगाकडे ओढला की मागच्या दोन दोऱ्या ताणल्या जातात, पतंगाचं शेपूट खाली दबतं, त्याचा वेग मरतो आणि तो पाठीवर रेलत मागे मागे पडायला लागतो. हलक्या वाऱ्यात असं सतत घडतं. उपाय नेमका उलटा आहे: बार पुढे सोडा, मूठभर ढील द्या, पतंगाला पळू द्या, वेग आला की मग हळूच जवळ घ्या. म्हणून ट्रेनरवरही वारा पडला की हात स्थिर ठेवून दोन पावलं मागे जायचं, ओढायचं नाही.

दोऱ्यांबद्दल कडक राहा. या मांज्यासारख्या काच लावलेल्या नसतात, पण ताणलेली बारीक दोरी बोट कापते. ताण असताना दोरीला हात लावायचा नाही आणि आजूबाजूच्या मुलांना लावू द्यायचा नाही. संक्रांतीनंतर महिनाभर शेतात नायलॉन मांज्याचे तुकडे पडलेले असतात. पतंग पसरण्याआधी जागा झाडून घ्या.

शिकवणी टाळू नका

मोठा पतंग पहिल्यांदा प्रशिक्षकाच्या हाताखालीच उडवायचा. याला दुसरा मार्ग नाही. हलका वारा म्हणजे सुरक्षित वारा असं वाटतं, पण १५ चौरस मीटरचा पतंग १० नॉटमध्येही माणसाला वाळूवरून फरफटत नेतो. गोव्यात उत्तरेकडे मोरजी-मांद्रे भागात असाच दुपारचा वायव्येचा खारा वारा मिळतो. रामेश्वरमला उथळ पाणी आणि जास्त जोराचा वारा आहे. नाशिककराने गोव्यात शिकावं असं माझं मत आहे, कारण पुढे पालघरला जो वारा मिळणार आहे त्याच जातीच्या वाऱ्यात शिकलेलं उपयोगी पडतं. शिकवणीत तीन गोष्टी पुऱ्या झाल्याशिवाय परत येऊ नका: सेफ्टी (पतंगाची ओढ एकदम तोडणारी कळ) सोडणं, बोर्डाशिवाय, म्हणजे फळीशिवाय, पाण्यात वाऱ्याच्या अंगावर सरकणं, आणि पतंग गुंडाळून स्वतः किनाऱ्याला येणं.

सामान

हवा भरायच्या नळ्यांचा पतंग फ्रान्सच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये पेटंट केला. पाण्यात पडल्यावर तो तरंगतो आणि परत उठतो, म्हणून हा खेळ उभा राहिला. शिकणाऱ्याने असाच घ्यावा. नुसत्या कापडी कप्प्यांचे फॉइल पतंग हलक्या वाऱ्यात जास्त तरतरीत असतात, पण पाण्यात पडून भिजले तर नवख्याला उचलता येत नाहीत.

७५ किलोच्या आसपास वजन असेल तर १३-१४ नॉटला १२ चौरस मीटर, १०-१२ नॉटला १५ ते १७. पण पैसे आधी बोर्डावर घाला. नेहमीचा बोर्ड १३५-१४० सेंटीमीटरचा असतो. हलक्या वाऱ्यासाठी १५० ते १६०, रुंद आणि तळाला सपाट असा घ्या. असा बोर्ड कमी वेगातही पाण्यावर चढतो. मोठा पतंग सावकाश वळतो, आणि हलक्या वाऱ्यात तर पतंग भराभर फिरवावा लागतो, त्यामुळे नुसता आकार वाढवत गेलात तर ओढ वाढते आणि हात अडकतो. हार्नेस (पतंगाची ओढ अंगावर घेणारा कमरेचा पट्टा), हेल्मेट, तरंगणारं जाकीट, दोरी कापायची आकडी सुरी, शिट्टी आणि पातळ तळाचे पाण्यातले बूट, यातलं काहीही वगळू नका. फळी पायाला बांधायची दोरी मात्र नको. ताणली जाऊन फळी परत डोक्यावर येते.

किनाऱ्यावर

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या रस्त्याने डहाणू साधारण दीडशे किलोमीटर. पहाटे निघा, दुपारी खेळा, मुक्काम करा. दमलेल्या अंगाने रात्री घाट चढू नये.

पोचल्यावर पहिल्यांदा गावातल्या मच्छीमारांशी बोला. जाळ्यांचे खांब कुठे आहेत, खडक कुठे उघडे पडतात, होड्या किती वाजता येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. जीवरक्षक असतील तर त्यांना सांगून ठेवा, मनाई असेल तिथे दुसरा किनारा गाठा. चिंचणीच्या दक्षिणेला तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आहे, तिकडे वाहत जाण्याचा प्रश्नच येऊ देऊ नका.

या किनाऱ्यावर सगळ्यात मोठा धोका पाण्यात नसून मागे असतो: सुरूची बनं. वारा आत येतो, म्हणजे झाडं वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पतंग मांडायची जागा आणि झाडं यांत शंभर मीटर तरी मोकळी वाळू हवी. भरतीला वाळूची पट्टी अरुंद होते, हे धरून जागा ठरवा. रविवारची गर्दी असेल तर अर्धा किलोमीटर चालत जा.

हवा पतंगावर छापलेल्या दाबाइतकी भरा. मोठ्या पतंगात कमी हवा भरली की तो मधून वाकतो. दोऱ्या पसरून एकेक तपासा, मग मदतनिसाला नीट समजावून सांगा. नाशिकहून सोबत आलेला मित्र चालेल, पण त्याला खुणा पाठ हव्यात. अंगठा वर केल्याशिवाय सोडायचं नाही, आणि सोडायचं म्हणजे नुसतं सोडायचं, वर फेकायचं नाही.

वायव्येच्या वाऱ्यात पाठ वाऱ्याकडे केलीत की तोंड आग्नेयेला आणि समुद्र उजव्या हाताला येतो. मदतनीस पतंग धरून उजव्या कडेला, पाण्याच्या बाजूला उभा राहील. म्हणजे काही चुकलं तर ओढ पाण्याकडे असेल. पतंगाचं कापड फडफडत असेल तर तुम्ही वाऱ्याच्या अंगावर दोन पावलं चाला. मदतनिसाला तो धरवत नसेल, तर पतंग ओढीच्या भागात गेला आहे, सोडू नका, जागा बदला. सुटल्यावर तो सावकाश दीड-दोनपर्यंत न्या, बारावर उभा ठेवू नका, आणि लगेच पाण्यात शिरा. पाय घासत चाला, कारण उथळ गढूळ पाण्यात पाकट बसलेलं असू शकतं.

पाण्यात

कमरेइतक्या पाण्यात बसा, फळी पायात घाला, पतंग बारावर. आता हलक्या वाऱ्याचं मर्म. थांबलेला पतंग आहे तेवढाच वारा घेतो. पळणारा पतंग स्वतःच्या वेगाचा वारा त्यात मिळवतो. म्हणून समुद्राकडे, म्हणजे उजवीकडे निघायचं असेल तर आधी पतंग डावीकडे साडेदहापर्यंत न्या, तिथून जोरात फिरवून दोनपर्यंत खाली आणा. फळीचं टोक ओढीच्या दिशेला जवळजवळ सरळ ठेवा, मागचा गुडघा दुमडलेला, वजन मागच्या पायावर. उभं राहण्याची घाई करू नका, पतंगाला उचलू द्या. उभे राहिलात की लगेच तो वर एकपर्यंत आणा आणि पुन्हा खाली टाका. वर-खाली, वर-खाली, बारची मूठभर ढील कायम राखून. दोन-तीन फेऱ्यांत फळी पाण्यावर चढते, आवाज बदलतो, आणि मग पतंग कमी हलवून चालतो.

वाऱ्याच्या अंगावर जायला लगेच फळीची कड पाण्यात दाबलीत तर फळी बुडून थांबेल. आधी वेग, मग कड. सुरुवातीला थोडं खाली वाहून जाणार, वाळूवरून चालत परत यायचं. त्यात कमीपणा काही नाही.

मध्येच वारा पडला आणि पतंग डोक्यावर असेल तर तो पुढे जाऊन कागदासारखा खाली येतो. बार सोडा, बारच्या वरच्या मधल्या दोन दोऱ्या एकत्र धरून अंगाकडे घ्या, ताण आला की पतंग कडेला वळवा. वारा पडत असताना पतंग बारावर ठेवून विचार करत बसणं टाळा. त्याला हलतं ठेवा.

परत येणं

सूर्यास्ताच्या दीड तास आधी बाहेर. मार्च-एप्रिलमध्ये म्हणजे सव्वापाच. खारा वारा सूर्याबरोबर मरतो, आणि ७-८ नॉटच्या खाली पाण्यात पडलेला मोठा पतंग उठत नाही. किनाऱ्यापासून पोहत येता येईल त्याहून लांब जाऊच नका.

तरी अडकलात तर मुख्य सेफ्टी सोडा. पतंग सेफ्टीच्या एका दोरीवर लोळेल. त्या दोरीने हात-दर-हात बारपर्यंत या, आधी फक्त तीच दोरी बारला दहाबारा वेढे गुंडाळून गाठ मारा, आणि त्यानंतर बाकीच्या गुंडाळा. हा क्रम चुकला तर पतंग पुन्हा वारा धरतो. पतंगाजवळ पोचलात की हवा सोडू नका. दोन्ही टोकं धरून त्यावर रेला. उरलेला वारा आणि भरतीचं पाणी तुम्हाला सावकाश किनाऱ्याला आणेल. बोर्ड लांब गेला असेल तर जाऊ द्या. किनाऱ्यावरच्या मित्राकडे ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक असू द्या, आणि किती वाजता तुम्ही बाहेर नसलात तर फोन लावायचा ते आधीच ठरवा.

घरी आल्यावर पतंग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. नाशिकच्या गच्चीवर उन्हात पसरलात तर कापडाचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. सेफ्टीच्या यंत्रणेत वाळू राहिली असेल तर ती ऐन वेळी सुटत नाही, म्हणून ती पाण्याखाली धरून चार-पाच वेळा उघडझाप करा आणि मगच पिशवीत भरा.